यंत्राचं पहिलं तीर्थ

कार्तिकात मी सकाळी बोलत नाही. एवढ्यावरून गल्लीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. काहींना वाटतं, मी फार सात्त्विक आहे. आमच्या ह्यांना वाटतं, चला, महिनाभर घरात शांतता.

व्रत तसं साधं. कोजागरीपासून वैकुंठ चतुर्दशीपर्यंत रोज पहाटे रामघाटावर स्नान करायचं, तांब्याचा कलश गंगेत बुडवून भरायचा आणि ओलेत्यानं वर जाऊन गल्लीतल्या महादेवावर ओतायचा. वाटेत कलश खाली टेकवायचा नाही. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. आणि महादेवावर पाणी पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. यातलं एक जरी चुकलं, तरी ते वर्ष वाया गेलं. यंदाचं वर्ष माझ्या उद्यापनाचं होतं. गुडघ्यांनी आधीच कळवून ठेवलं होतं की बाई, पुढच्या कार्तिकात घाटाच्या पायऱ्यांवर आमचा भरवसा धरू नकोस. म्हणजे यंदा मोडलं असतं, तर सासूबाईंनी ओटीत घातलेलं व्रत माझ्या हातून अपुरंच राहिलं असतं.

आणि नेमकं यंदा वाटेत यंत्र आलं.

घाटाच्या पायऱ्या संपून आमची गल्ली सुरू होते, तिथं मांडव घातला गेला. मांडवात टेबल, टेबलावर फराळाच्या डब्याएवढी पांढरी पेटी, पेटीला बारीक नळी, एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि वर भोंगा. देवदिवाळीला, म्हणजे काशीत कार्तिकी पौर्णिमेला, दिल्लीहून फार मोठे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी, म्हणजे वैकुंठ चतुर्दशीला सकाळी, ते नावेनं रामघाटावर उतरणार, स्वतःच्या हातानं गंगाजल भरून आमच्या महादेवाला वाहणार असं ठरलं होतं. त्यांच्या जवळपास कुणी पाण्यात विष कालवलं किंवा रोगाचे जंतू सोडले, तर ही पेटी एका थेंबावरून ओळखणार होती.

पेटी बनवणाऱ्यांत आमचा विश्वजीत होता. हा ह्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. विद्यापीठात संशोधन करतो आणि आमच्याकडे जेवतो. जेवता जेवताच त्यानं मला सगळं समजावलं.

"काकू, आत तारा आहेत. नॅनोवायर. मतलब, एका केसाचे हजारो उभे भाग केले, तर त्यातला एक."

"दिसतात?"

"छे, डोळ्यांनी कसल्या दिसतात!"

"मग आहेत कशावरून?"

"काकू, तुमचा देव तरी कुठे..."

"भाजी घे," मी म्हटलं.

प्रत्येक तारेवर म्हणे एक रेणू चिकटवलेला असतो. त्याला त्याची ठरलेली एकच गोष्ट पकडता येते. ती येऊन बसली की तारेतली वीज बदलते आणि यंत्राला कळतं. बाकी कितीही गर्दी होवो, तो रेणू कुणाकडे ढुंकून बघत नाही. हे मला लगेच पटलं. काशीतल्या मराठी घरांनी मुलामुलींची लग्नं वर्षानुवर्षं अशीच जमवली आहेत.

एकदा त्यानं मला त्यांची प्रयोगशाळाही दाखवली, काचेच्या बाहेरून. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत वेगळे कपडे, हातमोजे, तोंडाला फडकं. बाहेरच्याला शिवून आलेलं माणूस आत चालत नाही. एका मुलीनं नुसतं नाक खाजवलं, तर तिला बाहेर काढून सगळं पुन्हा बदलायला लावलं. मी तिथंच हात जोडले. आमच्या सासूबाई गेल्या असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. त्या इथं होत्या.

मांडवातले नियमही विश्वजीतनंच पहाऱ्यावरच्या जवानाकडून घोकून घेतले होते. खालून येणाऱ्या प्रत्येक भांड्यातला थेंब पेटीला द्यायचा. हिरवा दिवा लागला तर सोडायचं. आणि तपासून झालेल्या भांड्याला महादेवापर्यंत दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. लागला तर पुन्हा रांगेत.

"हे तर माझंच व्रत झालं की रे," मी म्हटलं.

"काकू, ह्याला प्रोटोकॉल म्हणतात."

"म्हणत असतील. उद्यापन कधी करता त्याचं?"

पेटी सुरू झाली त्या पहाटे रांगेत पहिली मी होते. मागं शेजारची इंदू. इंदूला मौन वगैरे काही नाही. देवानं तिला जीभ दिली आणि ती वाया जाऊ नये एवढंच तिचं व्रत.

पहाऱ्यावर शिवराम नावाचा जवान होता, गाझीपूरकडचा. काचेची नळी घेऊन तो माझ्या कलशात हात घालणार, इतक्यात मी कलश उंच धरला. देवाच्या आधी पेटीला थेंब कसा द्यायचा? कलश बाहेरूनही गंगेतच बुडालेला असतो. मी बुडाकडे बोट केलं. बुडाशी पाणी ठिबकत होतं. शिवराम भला माणूस. त्यानं तिथून एक थेंब झेलला आणि पेटीच्या नळीत सोडला.

भोंगा असा काही बोंबलला की मांडवावरची कबुतरं थेट पलीकडच्या वाळूपर्यंत गेली. लाल दिवा भकाभक पेटायला लागला.

"माताजी, लोटा नीचे रखिए!" शिवराम दोन पावलं मागं सरला.

मी मान हलवली.

"क्या है इसमें?"

मी मागं वाहणाऱ्या गंगेकडे बोट केलं.

"अरे माताजी, कुछ बोलिए तो!"

"ती बोलणार नाही," इंदू मागून म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की ह्याला मराठी कळत नाही. "मौन है इनका! और लोटा नीचे रखेगी तो व्रत टूटेगा, समझे? गंगाजल है, बम नहीं है!"

शिवरामनं खात्रीसाठी इंदूच्या तांब्यातला थेंब टाकला. पुन्हा भोंगा. तिच्या मागचीच्या लोटीतला टाकला. पुन्हा भोंगा. कार्तिकस्नानाच्या बायकांची रांग पायऱ्यांवरून खाली पाण्यापर्यंत गेली होती आणि यंत्राच्या मते त्यातली एकूणएक बाई काशीवर रोगाचे जंतू घेऊन चाल करून आली होती. माझे खांदे भरून आले. कलश कमरेवर घेतला, पुन्हा हातात घेतला. खाली ठेवला नाही. शेवटी विश्वजीत झोपेतल्या कपड्यांनिशी धावत आला आणि त्यानं पेटी बंद केली. महादेवावर पाणी पडलं तेव्हा ऊन मंदिराच्या उंबऱ्याशी पोचलं होतं. मौन सुटल्यावर पहिला शब्द 'शिव' म्हणायची माझी पद्धत आहे. त्या दिवशी तोंडातून 'हुश्श' आलं.

दुपारी आमच्या बैठकीत सभा भरली. घाट सुरक्षा समितीचे अध्यक्ष ढुंढिराजपंत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून गल्लीत जे काही होईल त्याचे ते अध्यक्ष असतात. हे त्यांचे बालमित्र, म्हणून सभा आमच्याकडे आणि चहा माझ्याकडे.

"गंगेला धोका म्हणतं!" ढुंढिराजपंत म्हणाले. "काशीत बसून! विश्वजीत, हे यंत्र आहे का कोण आहे?"

"तात्या, ते चूक नाही बोललं," विश्वजीत हळूच म्हणाला. "पाण्यात जे सापडलं, तेच..."

"काय सापडलं?"

विश्वजीतनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अजून तीर्थाची पळी होती.

"जंतू, तात्या."

"कसले?"

"नाल्यातून येतात ते."

मला नवल वाटलं नाही. मी रोज त्याच पाण्यात उतरते. वरून काय काय वाहत येतं हे कळायला मला केसाहून बारीक तार लागत नाही. पण आई आजारी पडली म्हणून तिच्या पाया पडायचं कुणी सोडत नाही, तशी मी उतरते. ढुंढिराजपंत मात्र विचारात पडले होते. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"यंत्राची पूजा केली होती?"

"कसली पूजा?"

"अरे, बसवताना! नारळ? कुंकू? मुहूर्त?"

"नाही, तात्या. टाइमच..."

"मग!" ढुंढिराजपंतांनी मांडीवर थाप मारली. "बिना पूजेचं यंत्र काशीत लावाल, तर ते बोंबलणार नाही तर काय करणार?"

सभेनं सुटकेचा श्वास सोडला. नाल्याचं पाप नारळावर फिटत असेल, तर कुणाला नको आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त निघाला. विश्वजीतनं आदल्या रात्रीच जेवताना सांगून ठेवलं होतं की पेटी बंद करून पुन्हा सुरू केली की ती नव्यानं शिकते. पहिलं जे पाजाल, ते तिच्या लेखी 'सगळं ठीक'. त्यानंतर जे त्याहून वेगळं येईल, त्यावर ती ओरडणार. म्हणून पहिल्यांदा प्रयोगशाळेतून आणलेलं स्वच्छ द्रावणच द्यायचं. छोट्याशा बाटलीत ते त्यानं बरोबर आणलं होतं आणि जपून पूजेच्या ताम्हनाशेजारी ठेवलं होतं.

पूजेच्या ताम्हनाशेजारी जे ठेवलं ते पूजेचं झालं, हे ह्या मुलाला इतकी वर्षं आमच्या घरात जेवून कळू नये!

ढुंढिराजपंतांनी पेटीला हळदकुंकू लावलं, वर झेंडूची माळ घातली. भोंग्यालाही एक माळ मिळाली. मुहूर्ताला बटण दाबायच्या वेळी समितीतल्या कुणीतरी विश्वजीतला फोटोसाठी बाहेर ओढला, "अरे शास्त्रज्ञ, इधर आओ, हातात नारळ धर!" म्हणून. तो नारळ धरून हसत उभा होता, तेवढ्यात ढुंढिराजपंतांनी बटण दाबलं आणि पळीभर गंगाजल नळीत सोडलं.

"तात्या!" विश्वजीत नारळासकट धावला. "ती बाटली टाकायची होती!"

"काशीत जन्माला आलेल्याच्या तोंडात पहिल्यांदा काय घालतात?" ढुंढिराजपंत शांतपणे म्हणाले. "बाटलीतलं औषध?"

"मग बाटली कुठे आहे?"

बाटली ताम्हनात रिकामी झाली होती. पूजेला आलेलं काही वाया घालवायचं नाही, म्हणून समितीच्या सगळ्या सभासदांना त्यातलं पळीपळी तीर्थ वाटून झालं होतं. ढुंढिराजपंतांनी दोनदा घेतलं.

"विद्यापीठाचं तीर्थ जरा खारट आहे," ते म्हणाले, "पण प्रासादिक."

विश्वजीत पांढराफटक पडला. मी त्याला बाजूला घेतलं.

"मरेल का रे कुणी?"

"नाही काकू. साधं क्षाराचं पाणी आहे. एकदम शुद्ध."

"मग गप्प राहा. समितीच्या पोटात एकदा तरी शुद्ध काही गेलं."

त्याला हसू आलं नाही. आणि त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या पहाटे शिवरामनं माझ्या कलशाच्या बुडाचा थेंब पेटीला दिला आणि हिरवा दिवा लागला. इंदूचा हिरवा. सगळ्या रांगेचा हिरवा. ढुंढिराजपंत शिवरामकडून रोजच्यासारखे नियम म्हणवून घेऊन मांडवात हात बांधून उभे होते, आणि मुंज लागलेल्या बटूकडे बघावं तसं त्या पेटीकडे बघत होते.

"पाहिलंत, वहिनी? पूजेनं ठिकाणावर आलं!"

माझं मौन होतं. काही मौनं फार सोयीची असतात.

पण दिवस वर आला आणि भोंगा वाजला. शुद्ध पाण्याचे मोठे जार घाटावरून गल्लीत पोचवणारा माणूस मांडवात अडकला होता. त्याच्या पाठोपाठ एक परदेशी बाई अडकली, हातात सीलबंद बाटली. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी नेणारा दुकानदार. पाणी जितकं स्वच्छ, तितका भोंगा मोठा. गंगेच्या पाण्यावर शिकलेल्या पेटीला बिनक्षाराचं, बिनजंतूंचं पाणी म्हणजे काहीतरी भयंकर वाटत होतं. कुणीतरी काहीतरी कालवलंय, असा तिचा समज होता. विश्वजीतनं मला हे कपाळाला हात लावून सांगितलं. समितीला त्यानं सांगितलं तेव्हा ढुंढिराजपंत आनंदानं उभे राहिले.

"म्हणजे बाटलीतलं बाजारी पाणी ओळखतं आणि तीर्थ सोडून देतं! अरे, पाप-पुण्य कळणारं हे जगातलं पहिलं यंत्र आहे! आणि तू म्हणतोस बिघडलंय?"

"तात्या, बंद करून पुन्हा सुरू करू द्या. पाच मिनिटं."

"मुहूर्तावर सुरू झालेलं बंद करतात? अखंड नंदादीपाला फुंकर मारतोस का तू?"

आणि त्यांनी बटणावर रेशमी खण बांधून टाकला.

विश्वजीत त्याच्या विभागप्रमुखांकडे गेला. ते म्हणाले, भोंगा गंगेवर वाजत नाही ना? समिती खूष आहे ना? मग पाहुणे जाईपर्यंत हात लावू नका, पुढे बघू. तो घरी आला आणि नुसता वरणभात चिवडत बसला.

"काकू, खरं विष कुणी गंगाजलात घातलं, तर ते थोडंफार ओळखेल अजून. पण जे रोज आहे, ते आता त्याला दिसणारच नाही."

"मग तर ते पक्कं काशीकर झालं," मी म्हटलं आणि त्याला ताक वाढलं.

मला माझीच काळजी होती. चतुर्दशी जवळ येत होती. पाहुण्यांसाठी त्या दिवशी घाट बंद राहणार, स्नान नाही, अशी बातमी आली. शेवटचा कलश गेला की सगळंच गेलं. मी ह्यांना म्हटलं, तुमच्या मित्राला सांगा. सांगायची गरज पडली नाही. ढुंढिराजपंत स्वतःच आले.

"वहिनी, तुम्ही आणि इंदूताई त्या दिवशी घाटावर हव्यात. नऊवारीत. पाहुण्यांच्या मागं दोन पारंपरिक बायका असल्या की फोटो भरल्यासारखा वाटतो."

"मी व्रतासाठी येईन, भावजी. फोटोसाठी नाही."

"हो हो, तेच. व्रतासाठीच या. फक्त जरा उजव्या हाताला उभ्या राहा."

चतुर्दशीची पहाट थंड होती. पुराचा गाळ अजून खालच्या पायऱ्यांवर होता, त्यावर लाल जाजम टाकलं होतं आणि जाजमातून गाळ वर आला होता. मी नेहमीच्या जागी बुडी मारली, कलश भरला आणि काठाशी उभी राहिले. तेवढ्यात नाव लागली. पाहुणे उतरले. गोरेपान, जपून पावलं टाकणारे. त्यांच्या माणसानं चांदीचा कलश त्यांच्या हातात दिला. पाहुणे वाकले, कॅमेरे पुढं सरसावले आणि पाहुण्यांनी कलश पाण्याशी नेला. मी तीन हातांवर होते. कलशाचं तोंड पाण्याला लागलं नाही. लागायचं कारणही नव्हतं, कारण तो आधीच काठोकाठ भरलेला होता. मागं नावेत सीलबंद बाटल्यांचं खोकं होतं आणि त्यातल्या काही रिकाम्या होत्या.

इंदूनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "बाई गं, ह्यांचं सोवळं तर तुझ्याहून कडक! गंगेला शिवले नाहीत."

मला हसू आवरेना. मौनात हसलेलं चालतं की नाही, हे सासूबाईंना विचारायचं राहून गेलं.

मिरवणूक मांडवाशी आली. पाहुण्यांना कुणी तपासणार नव्हतं, पण ढुंढिराजपंतांना राहवलं नाही. यंत्राचं कौतुक दाखवायची अशी वेळ पुन्हा येणार नव्हती.

"साहब, बस एक बूँद! ये मशीन गंगाजल को पहचानती है. शुद्ध गंगाजल पर हरी बत्ती, मिलावट पर लाल."

विश्वजीत कोपऱ्यात उभा होता. त्यानं डोळे मिटले.

शिवरामनं चांदीच्या कलशातला थेंब घेतला. पेटीच्या नळीत सोडला.

असा भोंगा मी त्या महिन्यात ऐकला नव्हता. जारवाल्यालाही एवढा मान मिळाला नव्हता. लाल दिवा पेटला आणि 'रासायनिक, रासायनिक' असं पेटी हिंदीत बोलू लागली. पाहुण्यांभोवतीच्या माणसांनी पाहुण्यांनाच भिंतीशी दाबून धरलं. कुणीतरी चांदीचा कलश त्यांच्या हातातून हिसकला आणि जमिनीवर ठेवला. ढुंढिराजपंतांचं उपरणं भोंग्याच्या माळेत अडकलं होतं.

"मशीन खराब है?" एक अधिकारी ओरडला.

ढुंढिराजपंत माळेतून उपरणं सोडवत राहिले. मशीन खराब म्हणावं, तर त्यांचं पाप-पुण्याचं यंत्र गेलं. मशीन ठीक म्हणावं, तर कॅमेऱ्यांसमोर पाहुण्यांचं गंगाजल गेलं.

मग त्या अधिकाऱ्याला, पाहुण्यांच्या माणसाला आणि ढुंढिराजपंतांना एकदमच सुचलं. तिघेही वळले. मागं अख्खी गंगा वाहत होती आणि सगळे माझ्या हातातल्या कलशाकडे बघत होते.

"वहिनी, द्या तो," ढुंढिराजपंत घाईनं म्हणाले. "पाहुणे हाच वाहतील."

मी मान हलवली आणि हनुवटीनं नदीकडे दाखवलं.

"खाली गाळ आहे, वहिनी! वेळ नाही! अहो, एक कलश तर आहे, तुम्ही दुसरा भरा!"

"दुसरा कसा भरेल?" इंदू मध्ये पडली. "सुटला हातातून की व्रत गेलं तिचं. तुम्हीच उतरा ना खाली, ढुंढिराजपंत. धोतर वर खोचा आणि उतरा. मुंजीत शिकवलं असेल."

"इंदूताई, देशाचा प्रश्न आहे!"

"मग देशाला सांगा, पाय भिजव."

ढुंढिराजपंत माझ्याकडे सरकले. त्यांचा हात कलशाच्या काठापर्यंत आला. मला ओरडता येत नव्हतं. मागं सरकायला जागा नव्हती, मागं इंदू आणि तिच्या मागं कॅमेरे. महिनाभराच्या पहाटा, सासूबाई, माझे बिचारे गुडघे, सगळं त्या काठावर आलं होतं. पुढं फक्त टेबल होतं.

मी टेबलाकडे गेले आणि शिवरामच्या नळीवर कलश धरला. बुडाचा थेंब पडला. शिवरामनं सवयीनं तो पेटीला दिला.

हिरवा दिवा. भोंगा गप्प.

ढुंढिराजपंतांचा हात पुन्हा पुढं आला. शिवरामनं आपली बंदूक आडवी धरली.

"पंडितजी, चेक हो गया. अब महादेव तक कोई नहीं छुएगा."

"अरे, मैं अध्यक्ष हूँ!"

"जी. रूल आप ही ने दोहराया था, कल भी. छुएँगे तो माताजी फिर लाइन में, और आप भी."

अधिकाऱ्यानं शिवरामकडे पाहिलं, मग हिरव्या दिव्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. काशीत त्या क्षणी तपासून शुद्ध ठरलेली एकच वस्तू होती आणि ती माझ्या हातात होती. मी गल्लीत शिरले. मागं कुणीतरी पाहुण्यांच्या कानात पुढच्या कार्यक्रमाची वेळ सांगत होतं. वर मंदिरात पोचले, महादेवावर शेवटचा कलश ओतला.

"शिव," मी म्हटलं. ह्या वेळी चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं की अत्याधुनिक यंत्राची चाचणी यशस्वी झाली, आणि कालचा भोंगा हा ठरवून केलेला सराव होता. हेच यंत्र अमृतराव घाटावरही बसवायचं ठरलं, आणि त्याच्या पूजेला ढुंढिराजपंतांनाच बोलावणं गेलं. चांदीच्या कलशातलं पाणी सीलबंद करून तपासणीला पाठवलं होतं. त्याचं काय झालं हे विश्वजीतनं मला चुलीपाशी येऊन सांगितलं. अहवाल रातोरात आला होता, 'पिण्यास योग्य'. आणि तो अहवाल गोपनीय ठेवण्यात आला होता.

"मी लिहून दिलंय, काकू," तो म्हणाला. "पेटी गंगाजलावर शिकलीय, तिच्यावर विसंबू नका, असं. विभागप्रमुख म्हणाले, छान लिहिलंयस, ठेवून जा."

"तू लिहिलंस ना? बस. आता पानं मांड."

पौर्णिमेला उद्यापनाचं जेवण होतं. पुरण झालं होतं. इंदू वाढायला होती. शिवरामला मी मुद्दाम बोलावलं होतं, तो आमचे हे आणि विश्वजीत यांच्या मध्ये अवघडून बसला होता. ढुंढिराजपंत पहिल्या पाटावर. कालचं काही झालंच नाही, अशा थाटात ते शिवरामला पुरणपोळीवर तूप कसं घ्यायचं ते शिकवत होते.

मी झारी घेऊन आपोष्णीचं पाणी घालायला आले. ढुंढिराजपंतांनी तळवा पुढं केला.

"गंगेचंच आहे ना, वहिनी?"

"कालच्या कलशातलं राखून ठेवलेलं. यंत्रानं पास केलेलं."

"वा!" त्यांनी डोळे मिटून मंत्र म्हटला. मग एक डोळा उघडून पेल्याकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "आपोष्णीपुरतं हे ठीक आहे. प्यायला मात्र फिल्टरचं द्या हं. माझं पोट जरा नाजूक आहे."

विश्वजीत पानातल्या मिठाकडे बघत राहिला. इंदूनं पदर तोंडात कोंबला.

मी आत गेले, फिल्टरचं पाणी आणलं आणि त्यांचा पेला काठोकाठ भरला. भोंगा काही वाजला नाही. तो खाली गल्लीच्या तोंडाशी होता.